छोट्या ऑफिसला मेल सर्व्हर कुठला बसवायचा, कमी पैशात आणि रात्रीची झोप न मोडता

"मेलचं सर्व्हर बसवायचं म्हटलं तर किती जातील ओ?" हा प्रश्न मला वर्षातनं आठ-दहा वेळा तरी येतोय. कधी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरनं, कधी कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधनं, कधी विश्रामबागच्या सीए ऑफिसातनं, आणि दरवेळी मी उलटं विचारतो की सॉफ्टवेअरचं नंतर बघू, रविवारी रात्री मेल बंद पडला तर तुमच्यात उठून बघणार कोण? समोरचा जरा गप्प बसतो आणि मग म्हणतो, "तुम्हीच की." म्हणजे बघा, माझं येणंजाणं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या किमतीत धरायचंच राहिलं.

मेल सर्व्हरचं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागून पंचवीस वर्षं होऊन गेली. पोस्टफिक्स १९९८ साली बाहेर आलं, डोव्हकॉट २००२ साली, आणि आज जगातले कितीतरी मेल याच दोघांच्या खांद्यावरनं जातात. पोस्टफिक्स मेलची ने-आण करतं, डोव्हकॉट तो मेल पेटीत ठेवून तुमच्या आउटलुकला किंवा मोबाईलला दाखवतं. दोन्हीला रुपया लागत नाही. पैसे जातात ते सांभाळण्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. त्यामुळं कुठलं सॉफ्टवेअर हे ठरवायच्या आधी मसाला कोण वाटणार ते ठरवा.

आता हिशोबाला बसू. पहिलं म्हणजे मेलबॉक्स मोजा, खुर्च्या मोजू नका. एका बेदाण्याच्या पेढीत गेलो होतो, मालक म्हणाले चौदा आयडी पाहिजेत. कागद घेतला आणि यादी केली तर त्यातली सेल्स, इन्फो, अकाउंट्स, डिस्पॅच, जीएसटी ही पाच नुसती नावं होती, ती वाचणारी माणसं दोनच. गोडाऊनवरचे तिघं मेल कधी उघडतच नव्हते, त्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. शेवटी खरे मेलबॉक्स निघाले सहा. इन्फो-सेल्स असली नावं एलियस किंवा ग्रुप म्हणून करायची, म्हणजे त्या पत्त्यावर आलेला मेल ठरलेल्या माणसाच्या पेटीत पडतो, आणि बहुतेक ठिकाणी एलियसला वेगळे पैसे पडत नाहीत. चौदाचे सहा झाले तिथंच निम्म्याहून जास्त खर्च वाचला, सॉफ्टवेअरचं नावसुद्धा न काढता.

दुसरं, जागा. बारा माणसं, रोज माणशी चाळीस मेल येऊन-जाऊन, आणि पीडीएफ-फोटो धरून सरासरी ३०० केबीचा एक मेल, तर दिवसाला १४४ एमबी होतात आणि कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ४३ जीबी. म्हणजे माणशी साडेतीन जीबीच्या आसपास. ५ जीबीचा मेलबॉक्स दीड वर्षात भरणार आणि ३० जीबीचा आठ वर्षं पुरणार. हे गणित तुमच्या ऑफिसचे आकडे घालून करा, कारण ड्रॉइंग पाठवणाऱ्या वर्कशॉपचा मेल आणि नुसते भाव पाठवणाऱ्या पेढीचा मेल यांच्या वजनात लई फरक असतो. आणि एक, अटॅचमेंट मेलमधनं जाताना साधारण तिसरा हिस्सा फुगते, म्हणून २० एमबीची फाईल २५ एमबीच्या मर्यादेला जाऊन धडकते आणि माणूस म्हणतो सर्व्हर खराब आहे.

तिसरं, आणि हे सगळ्यात आधी बघायचं खरं तर, डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढचं नाव, कुणाच्या नावावर आहे? माझ्या ओळखीच्या एका ऑफिसची वेबसाईट ज्या पोरानं केली होती त्यानं डोमेन स्वतःच्या जीमेलवरनं, स्वतःच्या नावावर घेतलेलं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पोरगा पुढं नोकरीला बाहेर गेला, नंबर बदलला, रिन्यूची आठवण त्याच्या जुन्या जीमेलवर येत राहिली आणि एका सोमवारी सकाळी ऑफिसचे सगळे मेल बंद. आम्ही आधी दोन तास राउटर, केबल, आउटलुक बघत बसलो, आउटलुकचा पासवर्ड तीनदा बदलला, आणि मग कुणाला तरी सुचलं की वेबसाईट उघडतीय का बघा. उघडत नव्हती. डोमेनच संपलेलं. त्या पोराचा पत्ता काढायला त्याच्या आईच्या घरी माणूस पाठवावा लागला. तेव्हा आजच डोमेनच्या खात्यात लॉगिन करून बघा. मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, ऑटो रिन्यू चालू, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप असं होतं.

एवढं झालं की रस्ते तीन.

एक रस्ता म्हणजे भाड्याचा मेल, झोहो, गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट असले. सर्व्हर त्यांचा, वीज त्यांची, रात्री उठणारे त्यांचे. झोहोचा फुकट प्लॅन आहे पाच जणांपर्यंत, माणशी ५ जीबी, पण त्यात आयमॅप-पॉप मिळत नाही म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये लावता येत नाही, ब्राउझरमध्ये नाहीतर त्यांच्या ॲपमध्ये बघायचं. तीन-चार जणांच्या ऑफिसला हे आरामात चालतं. पैसे देऊन घेतला तर खालचा प्लॅन माणशी महिना शंभराच्या आत बसतो. गूगलला त्याच्या दुप्पटीच्या वर धरा, पण लोकांना जीमेलची सवय असते आणि सवय बदलताना जो वैताग होतो त्याचीही किंमत असतेच.

आता तुलना करा. बारा मेलबॉक्स, साठ रुपये महिना धरला तर वर्षाला ८,६४० रुपये. इकडं ऑफिसातला जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवला, ६० वॅट खाणारा, चोवीस तास चालू, तर वर्षाला ५२५ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरलं तरी सव्वापाच हजार नुसती लाईट. त्यावर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचे पैसे, दोन-तीन वर्षांनी यूपीएसची बॅटरी, हार्डडिस्क, आणि माझी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे. फुकट कुठं राहिलं?

दुसरा रस्ता, वेबसाईटच्या होस्टिंगबरोबर येणारा मेल. सीपॅनेलवाला, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानातनंच मेलबॉक्स काढायचा तो. हा बऱ्याच जणांकडं असतोच आणि त्यांना वाटतं की आपला मेल सर्व्हर खराब आहे, नवीन सॉफ्टवेअर पाहिजे. खरी भानगड अशी की त्या एका मशीनवर शेकडो लोकांची डोमेनं असतात आणि आयपी पत्ता सगळ्यांचा एकच, त्यातला एखादा शहाणा स्पॅम पाठवायला लागला की आयपी काळ्या यादीत आणि तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये. रोज पाच-दहा मेल पाठवणाऱ्या दुकानाला ठीक आहे. ज्याचा धंदाच मेलवर आहे त्यानं यात राहू नये.

तिसरा रस्ता म्हणजे स्वतःचा सर्व्हर. मी याच्या विरोधात नाही. कुणाला खरंच परवडतो? साठ-सत्तर माणसं आहेत, मेल थोडा थोडा पण सगळ्यांना आयडी पाहिजे, माणशी भाडं भरलं तर वर्षाला पन्नास हजार होतात आणि ऑफिसात एखादा गडी आहे ज्याला लिनक्सची काळी स्क्रीन बघून घाम फुटत नाही. किंवा माल परदेशात जातो आणि मालकाला जुना सगळा पत्रव्यवहार आपल्याच ताब्यात पाहिजे. अशा ठिकाणी स्वतःचा सर्व्हर शोभतो. बाकी दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात मी आता सरळ पहिला रस्ता सांगतो, माझं कमिशन गेलं तरी चालेल.

स्वतःचाच करायचा ठरला तर मग सॉफ्टवेअर. पोस्टफिक्स, डोव्हकॉट, स्पॅम फिल्टर, वेबमेल हे सगळं सुटं सुटं घेऊन हातानं जोडता येतं, मी पूर्वी जोडलंय, आणि शिकायला एक नंबर आहे. पण दुसऱ्याच्या ऑफिसात करू नका, कारण सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही कुठल्या फाईलमध्ये काय लिहिलं होतं. जोडून तयार मिळणारे संच घ्या.

त्यात माझ्या आवडीचा मेलकाऊ. डॉकरवर चालतो, म्हणजे सगळे भाग डब्यात घालून येतात, अपडेटला एक स्क्रिप्ट चालवायची. ॲडमिनचं पान इतकं सरळ आहे की ऑफिसातल्या क्लार्क ताईंना दहा मिनिटात शिकवता येतं, नवीन माणूस आला की मेलबॉक्स उघडायचा, गेला की बंद करायचा, पासवर्ड बदलून द्यायचा. स्पॅमसाठी रस्पॅमडी आहे, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टसाठी सोगो आहे. एकच, त्याला मेमरी लागते. ते लोक स्वतःच किमान ६ जीबी रॅम सांगतात, तेव्हा ८ जीबीचं मशीन घ्या. आत क्लॅमएव्ही नावाचा अँटीव्हायरस असतो, तो एकटाच एक जीबीच्या वर खातो, मशीन अगदीच गरीब असेल तर तो बंद करता येतो. बंद केलात तर एक्झी, स्क्रिप्ट असल्या अटॅचमेंट सर्व्हरवरच अडवा म्हणजे झालं.

आयरेडमेल हा दुसरा. जुना, भरवशाचा, डॉकर बिकर काही नाही, साध्या लिनक्सवर स्क्रिप्ट चालवली की अर्ध्या तासात उभा राहतो आणि कमी रॅममध्ये चालतो. पण फुकटवाल्या ॲडमिन पॅनेलमधनं एलियस करता येत नाहीत, त्याला एकतर डेटाबेसमध्ये हात घालायचा नाहीतर पैशाचं पॅनेल घ्यायचं. आणि आत्ताच आपण वर एलियसवर पैसे वाचवले! म्हणून घेण्याआधी हे माहीत पाहिजे, नंतर कळलं की चिडचिड होते. मला तर तेव्हाच कळलं जेव्हा मालक शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि "सेल्सचा आयडी करून दाखवा की" म्हणाले.

मेल-इन-अ-बॉक्स हा तिसरा. एकट्यादुकट्या माणसाला झकास, १ जीबी रॅममध्येसुद्धा उभा राहतो. पण तो अख्खं मशीन ताब्यात घेतो, डीएनएस म्हणजे डोमेनची पत्त्यांची वही, ती पण स्वतःच सांभाळायला बघतो, मध्ये तुम्ही काही आपल्या मनानं बदललं तर पुढच्या अपडेटला ते पुसून टाकतो. घरजावई नव्हे, सासराच आणून बसवल्यासारखं. ज्याला काहीच बदलायचं नाही त्याच्यासाठी उत्तम.

विंडोजवाले मला एचमेलसर्व्हरचं विचारतात. एके काळी मीच गावभर बसवलाय, फुकट होता, खिडकी उघडून क्लिक क्लिक करून काम व्हायचं. पण आता त्याचं डेव्हलपमेंट थांबलंय, नवीन बसवू नका, आणि जुना चालू असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत हलवायचं बघा. विंडोजवरच पाहिजे असेल तर एमडीमन आहे पैशाचा, नाहीतर मेलएनेबल, त्याची साधी आवृत्ती फुकट आणि वरच्या पैशाच्या, आणि दोन्ही सांभाळायला सोपे आहेत. झिंब्रा पूर्वी फुकटात छान मिळायचा, २०२० साली नववी आवृत्ती आल्यापासून कंपनीनं ओपन सोर्सचं तयार इन्स्टॉलर देणं बंद केलं, आणि ८ जीबी रॅम तर तो नुसता बसायलाच मागतो. एक्सचेंजचं नाव काढू नका. एक्सचेंज २०१९ ला मायक्रोसॉफ्टनंच किमान १२८ जीबी रॅमची शिफारस केली होती आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला २०१६ आणि २०१९ दोन्हीचा सपोर्ट संपला. कुठं अजून चालू असेल तर ते दार उघडं टाकून जत्रेला गेल्यासारखं आहे.

ऑफिसात सिनॉलॉजीचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाईली ठेवायचा डबा, आधीच असेल तर त्यात मेलप्लस म्हणून पॅकेज येतं, पाच खाती फुकट, पुढं लायसन. आहे त्या डब्यात काम भागतं म्हणून सांगून ठेवतो.

आता सर्व्हर ठेवायचा कुठं. ऑफिसातल्या ब्रॉडबँडवर ठेवणार असाल तर दोन गोष्टी आड येतात. एकतर आयपी बदलता असतो, किंवा शेकडो जणांत वाटलेला असतो, आणि असल्या घरगुती आयपीवरनं आलेला मेल मोठे सर्व्हर दारातच अडवतात. दुसरं, पोर्ट २५. मेल एका सर्व्हरकडनं दुसऱ्याकडं जातो तो याच दारानं, आणि बरेच इंटरनेटवाले हे दार बंद ठेवतात. स्टॅटिक आयपी घेताना दोन वाक्यं लेखी विचारा: पोर्ट २५ आत-बाहेर दोन्हीकडनं उघडा आहे का, आणि माझ्या आयपीला रिव्हर्स डीएनएस म्हणजे पीटीआर लावून देणार का? कॉल सेंटरच्या पोराला पीटीआर माहीत नसतो, "सर सर्व्हिस चालू आहे" म्हणतो, त्याच्या वरच्या इंजिनिअरला गाठा. लक्षात ठेवा, पीटीआर डोमेनवाल्याकडं लागत नाही, ज्यानं आयपी दिला त्यानंच लावायचा असतो. मी एकदा डोमेनवाल्याच्या चॅटवर चांगला तासभर घालवलाय या पायी.

म्हणून मी आता स्वतःचा सर्व्हर म्हणजे भाड्याचं व्हीपीएस, म्हणजे कुणाच्या तरी डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, असंच धरतो. पण तिथंही बघून. ॲमेझॉन, गूगल क्लाऊड, डिजिटलओशन हे सगळे बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच बंद ठेवतात. यावर तोडगा म्हणजे रिले. येणारा मेल तुमच्या सर्व्हरवर, आणि जाणारा मेल रिलेवाल्याच्या हाती द्यायचा, तो आपल्या चांगल्या आयपीवरनं पोचवतो. ॲमेझॉनच्या एसईएसला हजार मेलला दहा सेंट पडतात, अटॅचमेंटच्या वजनाचे थोडे वेगळे. ब्रेव्होचा फुकट प्लॅन दिवसाला ३०० मेलचा आहे. छोट्या ऑफिसला एवढ्यात भागतं, आणि आयपी काळ्या यादीत गेला म्हणून मला येणारे फोन रिले लावल्यापासून जवळजवळ बंद झालेत.

एक जुना जुगाड अजून कुठं कुठं दिसतो, डायल-अपच्या काळातला. डोमेनचे सगळे मेल होस्टिंगवर एकाच कॅच-ऑल पेटीत घ्यायचे आणि ऑफिसातला सर्व्हर दर दहा मिनिटांनी पॉपनं ते ओढून ज्याचे त्याला वाटायचा. तेव्हा तो शहाणपणा होता. पण त्यात बीसीसीत असलेल्या माणसाचं नाव मेलच्या पाकिटावरच राहतं, आत नसतं, त्यामुळं मेल कुणाचा ते कळत नाही आणि कुठं हरवतो, कुठं दोनदा येतो. ओढूनच घ्यायचं असेल तर माणशी वेगळी पेटी ठेवून ओढा.

मग डीएनएस. हे मात्र तिन्ही रस्त्यांना लागू, सर्व्हर भाड्याचा असो का घरचा. एमएक्स रेकॉर्ड म्हणजे मेल कुठं टाकायचा तो पत्ता. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर मारलेला शिक्का, जो समोरच्याला तपासता येतो. आणि डीमार्क म्हणजे यादी आणि शिक्का दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं ते समोरच्याला सांगून ठेवणं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यात कडक झाले. मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्याला तिन्ही सक्तीचं, आणि साध्या माणसालाही एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी पाहिजेच. आमच्याकडं सगळ्यात जास्त सापडणारी चूक कुठली, तर एका डोमेनला दोन एसपीएफ. वेबसाईटवाल्यानं त्याचा टाकलेला असतो, मेलवाला येऊन आपला टाकून जातो, जुना कुणी काढत नाही. दोन असले की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोघांना घ्यायचं आणि त्यात एकूण दहाच्या वर डीएनएस चौकशा होऊ द्यायच्या नाहीत. डीमार्क सुरुवातीला नुसता बघ्याच्या भूमिकेत ठेवा, म्हणजे p=none, महिनाभर रिपोर्ट बघा, आपलंच बिलिंग सॉफ्टवेअर कुठं बाहेर राहिलं नाही ना, आणि मग क्वारंटाईनला न्या, म्हणजे न जुळणारा मेल स्पॅममध्ये जाईल.

हे मालकाला समजावताना मी एक खरी गोष्ट सांगतो. इथल्याच एका पेढीच्या नावानं बाहेरच्या व्यापाऱ्याला मेल गेला, बँक खातं बदललंय, या नव्या खात्यावर पैसे टाका. पत्ता अक्षरन् अक्षर पेढीचाच. व्यापाऱ्यानं नशिबानं फोन करून विचारलं, "अण्णा, खातं बदललं होय?" अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला तो त्यांनी परत उचललाच नाही. डोमेनला एसपीएफ होता पण डीमार्क नव्हता, म्हणजे आडवणारं कुणी नव्हतं. डीमार्कनं हुबेहूब पत्ता वापरणं बंद होतं, एक अक्षर इकडंतिकडं करून केलेलं बनावट डोमेन त्यानं थांबत नाही, तिथं खातं बदलायचा मेल आला की फोन करायचा हा नियमच ठेवावा लागतो.

निवडताना ट्रायल घ्या, फुकट असो का पैशाचं, आणि ट्रायल म्हणजे "टेस्ट टेस्ट" असा मेल स्वतःलाच पाठवणं नव्हे. ऑफिसमधल्या सगळ्यात कमी कॉम्प्युटर कळणाऱ्या माणसाला आठवडाभर द्या. जीमेलला पाठवा, आउटलुकला पाठवा, सरकारी पत्त्यावर पाठवा, आणि जीमेलमध्ये मेल उघडून ओरिजिनल बघा, तिथं एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हीसमोर पास लिहिलेलं पाहिजे. आणि ओटीपी. हे कुणी सांगत नाही. काही सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग असतं, म्हणजे अनोळखी सर्व्हरकडनं आलेला मेल पहिल्यांदा "जरा वेळानं या" म्हणून परत लावायचा, स्पॅमवाला परत येत नाही, खरा येतो. कल्पना चांगली आहे. पण सीए ऑफिसात वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायची गडबड, आर्टिकलची मुलगी स्क्रीनकडं बघत बसलीय, ओटीपीची दहा मिनिटं संपली आणि अकराव्या मिनिटाला मेल आला. परत नवीन ओटीपी मागितला तर तो दुसऱ्याच सर्व्हरकडनं आला, परत थांबा. तिनं शेवटी मोबाईलवरनं स्वतःचं जीमेल द्यायला काढलं होतं, ते मात्र करू देऊ नका. ग्रेलिस्टिंग बंद ठेवा, रस्पॅमडी त्याच्याशिवाय चांगला काम करतो.

पासवर्डचं काय सांगायचं, फर्मचं नाव आणि १२३. माझ्याकडच्या एका सर्व्हरवर असाच एक मेलबॉक्स फुटला, शनिवारी रात्री. सकाळी बघतो तर रांगेत अठरा हजार मेल, सगळे औषधाच्या जाहिराती. त्या आयपीला साफ करायला नऊ दिवस गेले. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना मी पहिलं हे बघतो की माणशी तासाला किती मेल जाऊ द्यायचे याची मर्यादा घालता येते का, चुकीचा पासवर्ड मारणाऱ्याला ते आपोआप बाहेर ठेवतं का, आणि टू-फॅक्टर आहे का. मेलकाऊमध्ये तिन्ही आहेत. लॉगसुद्धा १८० दिवसांचे ठेवायचे, तसा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशच आहे, आणि काही झालं तर कामाला तेच येतात.

बॅकअपबद्दल सांगलीकराला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. गणपती पेठेतलं एक ऑफिस, तळमजला, सर्व्हर टेबलाखाली. मालक हुशार, रोज बॅकअप घ्यायचे. बाहेरची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर आत गाळ आणि त्यात ती डिस्क, वर निळं लेबल तसंच, त्यावर मार्करनं लिहिलेलं "मेल बॅकअप". डिस्क पुण्याला पाठवली, काही आलं काही नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा त्यांचा मेल भाड्यावर गेला होता, त्यांनी फक्त खुर्च्या वर नेल्या.

तर एक प्रत गावाबाहेर पाहिजेच, क्लाऊडवर ठेवा नाहीतर दुसऱ्या गावच्या ब्रँचला. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाईल असते, रात्री आरसिंक किंवा रेस्टिक असल्या प्रोग्रॅमनं नुसता बदललेला भाग जातो, फार वेळ लागत नाही. मेलकाऊचं स्वतःचं बॅकअप स्क्रिप्ट आहे. आणि तीन महिन्यातनं एकदा एक मेलबॉक्स परत काढून बघा, खरंच उघडतो का. भाड्याच्या मेलवालेसुद्धा यात येतात बरं का. कामावरनं गेलेल्या माणसानं जाताना सगळं पुसलं आणि ठराविक दिवस उलटले की तिथनंही परत मिळत नाही, म्हणून थंडरबर्डमध्ये आयमॅप लावून महिन्याला एक प्रत तरी काढून ठेवावी.

हलवायचा दिवस शनिवार संध्याकाळ धरा. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद जगानं किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदावर आणा, म्हणजे एमएक्स बदलल्यावर जगाला लवकर कळतं. जुने मेल आयमॅपसिंकनं आणायचे, आधी एकदा सगळे, आणि एमएक्स बदलल्यावर परत एकदा, मधले राहिलेले उचलायला. पॉपवर चालणारी मंडळी असतील तर त्यांचे जुने मेल सर्व्हरवर नसतातच, त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या पीएसटी फाईलमध्ये असतात, ती फाईल आधी कॉपी करून बाजूला ठेवा आणि मगच आउटलुकला हात लावा. जुनं खातं लगेच बंद करू नका, महिनाभर राहू द्या आणि अधूनमधून उघडून बघा, एखादा सर्व्हर अजून जुन्याच पत्त्यावर टाकत असतो.

आणि सोमवारी सकाळी जाताना यादी घेऊन जा, कारण माणसांच्या मोबाईल-आउटलुकचं सगळ्यांच्या लक्षात असतं, मशीनचं नसतं. झेरॉक्सच्या मशीनमधनं स्कॅन करून मेल जातो त्यात जुना सर्व्हर आणि जुना पासवर्ड भरलेला असतो. टॅलीमधनं बिल मेल होतं, तिथं पण. गेटवरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर अलर्ट पाठवत असेल तर तिथं पण. जुन्या मशीनला नवीन टीएलएस, म्हणजे जोडणीचं कुलूप, कळत नाही, मेल पाठवायच्या ५८७ पोर्टला जोडत नाही, मग त्याच्यासाठी रिलेवर वेगळा आयडी काढून द्यावा लागतो. माझ्याकडं एका ठिकाणी हे राहिलं, झेरॉक्सवाला काका तीन दिवस स्कॅनचं बटण दाबत होता, मशीन "सेंट" म्हणत होतं आणि एलआरच्या, म्हणजे ट्रकनं माल पाठवल्याच्या पावत्यांच्या कॉपी कुठंच पोचत नव्हत्या, ते गुरुवारी ट्रान्सपोर्टवाला दारात येऊन उभा राहिल्यावर कळलं.